एकच आवाज

अब्बांचा ट्रेलर आल्याचं आमच्या घरात आधी भांड्यांना कळायचं. नेरूळला, सीवूड्सच्या बाजूला, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत होतो आणि सोसायटीच्या भिंतीपलीकडे थेट खाडीपर्यंत मातीचा भराव होता. रस्ता कच्चाच. ट्रेलर रिकामा परतत असला की त्याच्यावरचे साखळदंड पत्र्यावर उड्या मारत आणि तो खडखडाट सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाई. भरलेला असला की मात्र जमीन किंचित हले, मांडणीवरच्या स्टीलच्या वाट्या एकमेकींना टेकून बारीक किणकिणत, आणि तांदळाची भाकरी थापता थापता अम्मी हात थांबवून कान देई. "जड आहे," ती म्हणे. "रोलर असणार." मी खिडकीतून बघायची. बहुतेक वेळा रोलरच असायचा. घरात आम्ही आमची कोकणी बोलायचो. इथे लिहिताना ती मी साधी करून घेतली आहे, कारण तिचा खरा सूर कागदावर कसा उतरवावा ते मला अजून साधलेलं नाही.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, सिस्टरांची. तिथे मी 'शांत मुलगी' म्हणून ओळखली जायची. प्रगतिपुस्तकावर दरवर्षी जवळजवळ तेच वाक्य असे. वक्तृत्वाच्या तासाला मी उभी राहिले की बाई वर्गाच्या मागच्या भिंतीला जाऊन टेकायच्या आणि हाताचा पंजा वर, अजून वर, असा हलवायच्या. आवाज वाढव. माझा आवाज तिसऱ्या बाकाच्या पुढे कधी गेला नाही. वाशीच्या कॉलेजात गेल्यावर मी एक गोष्ट शिकले. खिडकीजवळच्या बाकावर बसून वहीत काहीतरी लिहीत राहिलं की आपल्याला कोणी प्रश्न विचारत नाही. पण न बोलणाऱ्या माणसाला बघायला वेळ भरपूर मिळतो, आणि त्या वर्षांत मी सगळ्यात जास्त काही बघितलं असेल तर अब्बांचा ट्रेलर.

बांधकामाची यंत्रं एका साइटवरून दुसऱ्या साइटवर पोचवायची, हा अब्बांचा धंदा. आमचं शहर तेव्हा अजून व्हायचंच होतं, त्यामुळे कुठे ना कुठे रोलर, मिक्सर, जनरेटर हलवावे लागतच. माझा मामा, रऊफमामू, जुना ट्रक चालवायचा आणि ट्रकच्या मागे हुकाला ट्रेलर. त्या ट्रेलरची पाठ सपाट, लोखंडी. बाकी लोक तिला 'डेक' म्हणत, अब्बा 'पाट' म्हणत. हा पाट मधोमध एका जाड पिनवर बसवलेला होता, मुलांच्या बागेतल्या सी-सॉसारखा. यंत्र चढवायचं असलं की पाटाचं मागचं टोक जमिनीला टेकवायचं, म्हणजे पुढचं टोक आभाळाकडे उचललं जाई. मग यंत्र त्या उतारावरून सावकाश वर सरकायचं, आणि त्याचं वजन पिनच्या पलीकडे गेलं की अख्खा पाट, त्याच्यावरच्या यंत्रासकट, आपोआप खाली येऊन आडवा व्हायचा. कोणी ढकलायचं नाही, कोणी ओढायचं नाही. सहा टनांचं लोखंड एका विशिष्ट बोटभर जागेवर पोचायचं, क्षणभर विचार केल्यासारखं थांबायचं, आणि मग म्हशीनं पाण्यात बसावं तसं निवांत खाली बसायचं. खालच्या तेलाच्या नळकांड्यातून एक लांब उसासा निघायचा. तो उसासा संपेपर्यंत मी जागची हलायची नाही. शेकडो वेळा ऐकला असेल, दर वेळी तेच.

अब्बा कुठलंही नवं यंत्र पहिल्यांदा चढवत तेव्हा ते अतिशय हळू चढवायला लावत. पाट जिथे हलायला लागेल तिथे ते हात वर करून यंत्र थांबवत, आणि पिनच्या अगदी वर यंत्राच्या अंगाचा जो भाग आला असेल तिथे ऑइलपेंटचा पिवळा ठिपका देत. पैशाएवढा. त्या यंत्राचा सगळा भार जणू त्या ठिपक्यात गोळा झालेला असायचा. पाटाच्या कडेला दोन पांढऱ्या रेघा होत्या. ठिपका पहिल्या रेघेवर आला की पाट खाली येणार; तिथून दोन विती पुढे, दुसऱ्या रेघेवर आला की थांबायचं, चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, साखळ्या आवळायच्या. भार मागे राहिला तर ट्रेलर रस्त्यावर माशासारखं शेपूट हलवतो. फार पुढे गेला तर तो ट्रकच्या पाठीवर बसतो, ट्रकचं तोंड उचललं जातं आणि स्टेअरिंगच्या हातात काही राहत नाही. हे दुसरं रऊफमामूनं एकदा अनुभवलं होतं, खाडीवरच्या पुलाच्या चढाला. "चाक फिरवतोय, फिरवतोय, आणि गाडी सरळच," तो सांगायचा. "पुलाचा कठडा असा माझ्या डोळ्यासमोर." सांगताना तो हसायचा, पण त्या पुलावर तो नेहमी ओठ हलवत काहीतरी पुटपुटत गाडी घाली.

अब्बांना हे सगळं कोणी शिकवलं नव्हतं, किंवा शिकवलं असेल तर पाण्यानं. त्यांचे वडील, आमचे दादा, उरणजवळच्या मोऱ्याच्या धक्क्यावर मचव्यात, शिडाच्या होडीत, माल भरायचे. विटा, मीठ, पेंढा. मचवा किती बुडाला आणि पुढे नाळेकडे बुडाला की मागे वऱ्याकडे, हे ते धक्क्यावर उभं राहून पाण्याच्या रेघेवरून वाचायचे. अब्बा तसेच ट्रकच्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसून वरची फट बोटांनी मोजायचे. चार बोटं राहिली तर ठीक. काय न्यायचं आणि काय नाही हेही त्यांचं मोऱ्याहूनच आलेलं. यंत्र न्यायच्या आदल्या दिवशी ते जाऊन बघून येत, बोटानं ठोकत, वाकून खालून बघत. एका कॉन्ट्रॅक्टरची पाण्याची टाकी त्यांनी साफ नाकारली, कारण ती अर्धी भरलेली होती. "भरलेली नेईन, रिकामी नेईन," ते म्हणाले. "अर्धं पाणी आत चालतं. जे चालतं ते मी कसं बांधणार?" तो माणूस हसला होता. मला ते वाक्य तेव्हाच पाठ झालं.

आणि एक नियम होता, तोही मचव्यावरचा. यंत्र चढत असताना एकच आवाज. अब्बा बोलणार, पुढे, हळू, थांब, बस, एवढे चारच शब्द. बाकी सगळ्यांनी ते 'झालं' म्हणेपर्यंत तोंड मिटून राहायचं. दादांच्या वेळी धक्क्यावर दोघांनी एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टी ओरडल्या होत्या आणि फळी सुटून एका माणसाचा पाय गेला होता. एकदा रऊफमामूच्या तोंडून मध्येच "अरे बस बस" निघालं. अब्बांनी चढलेला मिक्सर खाली उतरवला, पहिल्यापासून चढवला, आणि मामूशी दोन दिवस बोलले नाहीत. मला तो नियम फार आवडायचा. सगळ्या जगात तेवढी एकच जागा होती जिथे गप्प बसणं हे माझं काम होतं आणि मी ते इतरांपेक्षा चांगलं करत होते.

रमजान उन्हाळ्याच्या तोंडावर आला होता. इफ्तारीचा डबा घेऊन संध्याकाळी भरावावरच्या यार्डात जायचं काम माझ्याकडे होतं. यार्ड म्हणजे काही नाही, तारेचं कुंपण, एक पत्र्याची शेड आणि गटारासाठी आणून टाकलेला एक भलामोठा सिमेंटचा पाइप. त्या पाइपवर माझी जागा. डब्यात खजूर, कलिंगडाच्या फोडी, खिम्याचे समोसे, सोडे घातलेली कांद्याची भजी. वेगळ्या किटलीत सब्जा घातलेलं गुलाबाचं सरबत. भज्यांचा वास झाकणातून सुटायचा आणि रोजा धरलेली आम्ही तिघं त्याच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करायचो. रोलर चालवणारे बाळारामकाका घणसोली गावातले, आगरी. त्यांना रोजा नव्हता, पण महिनाभर ते पाणी प्यायला ट्रकच्या मागे जात. "आमच्यासमोर पिऊ नको," म्हणून अब्बांनी कधी सांगितलं नव्हतं. ते आपणहून जात.

त्या दिवशी तोच आमचा ओळखीचा सहा टनांचा रोलर उरणच्या रस्त्याला न्यायचा होता. आठवडाभर तो जवळच्याच एका साइटवर काम करत होता. अब्बा आदल्या दिवशी बघायला गेले नव्हते. जायचं काय, त्या रोलरवरचा पिवळा ठिपका त्यांनीच दिलेला, दोन वर्षांपूर्वी. तेवीस-चोवीस वेळा तरी तो पाटावर चढला असेल. ऊन कलायला लागलं होतं. मामूला अजान व्हायच्या आत पूल ओलांडून निघायचं होतं, म्हणजे उरणला बहिणीकडे रोजा सोडता आला असता. तो ट्रकच्या पायरीवर बसून पाय हलवत होता. बाळारामकाकांनी रोलर पाटाच्या तोंडाशी आणला. अब्बा पाटाच्या कडेला रेघांपाशी उभे राहिले, डोळे ठिपक्यावर.

"पुढे."

रोलरचं पुढचं ड्रम पाटावर चढलं. लोखंडावर लोखंडाचा तो दळल्यासारखा आवाज.

"हळू."

मी ठिपका बघत नसे. पाइपवरून तो नीट दिसायचाही नाही. मी बघायची ती फट. पाट उचललेला असताना त्याच्या पुढच्या टोकाखाली, खालच्या सांगाड्याच्या वर, उजेडाची एक पाचर तयार होई, आणि त्या पाचरीतून मला खाडीचा एक तुकडा दिसे. पाट खाली येताना ती पाचर बारीक होत होत दोरीएवढी, सुतळीएवढी, सुईएवढी व्हायची आणि मिटायची. माझ्यासाठी तो सगळा खेळ उजेडाचा होता. आणि रोलरच्या चालकाच्या डोक्यावरचं छप्पर कुठे आलं की पाचर मिटायला लागते, हे माझ्या डोळ्यांना न मोजता माहीत झालं होतं: छपराची पुढची कड पलीकडच्या विजेच्या खांबाला शिवली की.

त्या दिवशी छप्पर खांबाला शिवलं नाही. वीतभर जागा राहिली होती आणि खाडी मिटली.

मी पुन्हा खांबाकडे बघितलं. तोच खांब. ट्रेलरही रोजच्याच जागी, चाकांच्या खड्ड्यात. अब्बांची नजर ठिपक्यावरून हलली नव्हती. रोलर चालताच होता, पाटही खाली आला होता, आणि ठिपका पहिल्या रेघेकडे सरकत होता; बघणाऱ्याला त्यात काही वावगं दिसलं नसतं. एका वितीचा फरक, तोही चालत्या रोलरवर. अब्बा म्हणाले, "पुढे," आणि मला कळलं की ते आता त्याला दुसऱ्या रेघेपर्यंत नेणार. मनात पहिल्यांदा पूल आला नाही, हे खरं सांगते. मनात आलं की मी चुकत असेन. मग मामूचे ते हलणारे पाय दिसले, आणि पूल आला.

"अब्बा, फट आधी मिटली."

माझा आवाज तिसऱ्या बाकापर्यंतचाच होता. पण यार्डात इतर कोणी बोलतच नसल्यामुळे तो सगळीकडे ऐकू गेला. रोलर चालत राहिला. बाळारामकाकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, कारण त्यांच्यासाठी एकच आवाज होता. मामूनं मात्र पाय थांबवले. "घ्या," तो म्हणाला. "आता कॉलेजवाली शिकवणार आपल्याला." म्हणजे नियम दोघांनी मोडला, आणि मी पाइपवर थिजून बसले.

"थांब," अब्बा म्हणाले. रोलर थांबला. अब्बा वळून माझ्याकडे आले नाहीत. तिथूनच त्यांनी विचारलं, "किती आधी?"

मी हाताची वीत करून दाखवली.

त्यांनी ठिपक्याकडे बघितलं, रेघेकडे बघितलं, मग रोलरच्या पुढच्या ड्रमापाशी जाऊन ते बोटाच्या सांध्यानं ठोकलं. वरच्या बाजूला. टण्ण. मग खाली वाकून. ठप. परत वर, परत खाली, जसं बाजारात कलिंगड ठोकून कान देतात तसं, त्या गरम लोखंडाला कान लावून. ड्रमच्या मध्याजवळ आवाज बदलत होता. अब्बा बराच वेळ वाकलेलेच राहिले. माझ्या जागेवरून मला त्यांची फक्त पाठ दिसत होती, घामानं अंगाला चिकटलेला सदरा. आजही त्यांची आठवण आली की आधी ती पाठ येते.

"बाळाराम," ते सरळ होत म्हणाले, "यात पाणी आहे."

"पानी?" बाळारामकाका सीटवरून वाकून ओरडले. "मी आठ दिस नव्हतो, पुतनीचा लगीन व्हता. ज्यानी चालवला त्यानी भरला असंल. भराव दबत नाय म्हनून वजनाला पानी भरतात. मना काय ठाव!"

"अर्धं आहे," अब्बा म्हणाले. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही, स्वतःशी म्हटल्यासारखं म्हटलं. दोन वर्षांपूर्वी ड्रम रिकामं असताना दिलेला ठिपका. आता पुढच्या ड्रममध्ये पाणी, म्हणजे भार ठिपक्याच्याही पुढे सरकला होता. तेव्हापासून तो खराच होता आणि आज दुपारपर्यंत अब्बांनी त्याच्यावर शंका घेतली नव्हती. टाकीवाल्याला परत पाठवणारा माणूस अर्धं पाणी घेऊन आपल्या मेहुण्याला पुलावर पाठवत होता.

रोलर खाली उतरवला. ड्रमचं बूच इतकं गंजलं होतं की बाळारामकाका आणि मामू दोघं मिळून पान्याला लोंबकळले तेव्हा सुटलं. तांबूस, गंजाच्या वासाचं पाणी भरावाच्या मातीवर सांडायला लागलं आणि सांडतच राहिलं. ते संपायची वाट बघण्याशिवाय काही करण्यासारखं नव्हतं. त्या पाण्याचा आवाज चालू असतानाच अजान झाली. अब्बांनी उभ्या उभ्याच खजूर तोंडात घातला. मामू डबा घेऊन पाइपपाशी आला, कलिंगडाची पहिली फोड त्यानं मला दिली. मग म्हणाला, "उद्यापासून मी कॉलेजला जातो, नाझू. तू चालव ट्रक." मी हसले. त्यानं दुसरी फोडही मलाच दिली. बाळारामकाका भजी खाता खाता म्हणाले, "पोरगी बोलत नाय, बोलत नाय, आन बोलली त कवा बोलली!" आणि मला वाटलं, आता अब्बा काहीतरी म्हणतील. नियमाबद्दल, किंवा शाबासकीचं. त्यांनी हात धुतले, मगरिबची नमाज शेडमध्ये पढली, बाहेर येऊन ड्रम परत ठोकलं. खाली, वर. टण्ण, टण्ण.

त्या यार्डाच्या जागी आता मॉलचं पार्किंग आहे. परवा गेले होते तेव्हा एका बिघडलेल्या गाडीला उचलून न्यायला तसाच कलणारा डेक असलेला ट्रक आला होता. माणसानं बटण दाबलं, डेक खाली आला. बटण दाबलं, वर गेला. गाडी कुठेही असली तरी त्याला चाललं असतं. मी पिशव्या हातात घेऊन तो जाईपर्यंत उभी राहिले. मुलगा म्हणाला, आई, काय बघतेस?

त्या संध्याकाळी संधिप्रकाश अजून होता. रोलर परत पाटाच्या तोंडाशी आला, बाळारामकाका सीटवर चढले, मामू ट्रकपाशी गेला. मी डब्याची झाकणं लावत होते. अब्बा रेघांपाशी न थांबता सरळ माझ्याकडे चालत आले आणि म्हणाले, "ऊठ. इथून मी बघतो. मला बघू दे तुला काय दिसतं ते." आणि मी उठल्यावर, माझ्या जागेवर बसत, खिशातला रुमाल कपाळावर फिरवत म्हणाले, "तू तिथे उभी राहा. आवाज दे."

"मी?"

"दोघं कसं देणार?"

मी पाटाच्या कडेला जाऊन उभी राहिले. जवळून तो रोलर मी कधी एवढा मोठा बघितला नव्हता. ड्रम माझ्या छातीपर्यंत, ओलं, मातीनं माखलेलं. इंजिनाची धग तोंडावर येत होती. बाळारामकाका वरून माझ्या ओठांकडे बघत होते. चष्म्याआडून, एखाद्या विद्यार्थ्यासारखे. मी हाताला लागलेला कलिंगडाचा रस ओढणीला पुसला.

"पुढे," मी म्हटलं.

सहा टन लोखंड हललं. मी म्हटलं म्हणून हललं. पाटावर चढलं, दळत, कुरकुरत, आणि मी "हळू" म्हटल्यावर हळू झालं, इतकं की ड्रमवरचा मातीचा एक गोळा वरून खाली यायला एक श्वास लागला. पिवळा ठिपका माझ्या डोळ्यासमोरून सरकत पहिल्या रेघेकडे निघाला. रेघेला शिवला. पायाखालची जमीन किंचित थरथरली, आणि पाटानं तो क्षणभराचा विचार केला. इतकी वर्षं लांबून पाहिलेला तो विचार मी त्या दिवशी हातभर अंतरावरून बघितला: काही हलत नव्हतं, सगळं जड होतं आणि कशालाच वजन नव्हतं. मग उसासा सुटला आणि पाट बसला. मी पाइपकडे पाहिलं. अब्बा पुढे झुकून, डोळे बारीक करून, फटीच्या जागी बघत होते. त्यांचा हात छपराच्या कडेपासून विजेच्या खांबापर्यंत हवेतच एक रेघ ओढत होता. या वेळी कड खांबाला शिवली होती.

दोन विती पुढे. "थांब. बस."

बाळारामकाकांनी इंजिन बंद केलं. मामूनं ठोकळे लावले, साखळ्या आवळल्या, मागच्या चाकावर बोटं ठेवून बघितली आणि चार बोटं वर करून मला दाखवली. मग तिघंही होते तिथेच थांबले. खाडीवरून वारा येत होता, आमच्या बिल्डिंगमध्ये दिवे लागले होते. कोणीच काही बोलेना. मी एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिले, काय चुकलं म्हणून. मामू, ज्याला एक मिनिट गप्प बसवत नसे, ओठ मिटून माझ्याकडे बघत होता. अब्बाही, पाइपवर, हात गुडघ्यांवर ठेवून. आणि तेव्हा मला समजलं की ते माझ्या शब्दाची वाट बघत आहेत. मी तो म्हणेपर्यंत त्यांच्यापैकी कोणीही, अब्बासुद्धा, बोलणार नाही.

तो शब्द मला लगेच म्हणावासा वाटला नाही. मी आणखी एकदा ठिपका बघितला, रेघ बघितली.

"झालं," मी म्हटलं.